गळती आणि मौन

दोष दूर करणे आणि दोष झाकणे यांतील भेद सर्वांनाच ठाऊक असतो. मात्र दोष असलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना बाळगलेले मौन हे असत्य ठरते काय, या प्रश्नाचे उत्तर तितके सरळ नाही. एका जुन्या मॅटॅडोरच्या निमित्ताने आमच्या घरात या प्रश्नाचा बराच काथ्याकूट झाला.

पुण्याच्या बजाज टेंपोची ही गाडी १९६९ च्या सुमारास रस्त्यावर आली. पेडणे-डिचोलीतील आमच्या पिढीने तिच्यातून वऱ्हाडे नेली, भजनी मंडळे नेली. माझ्या पुतण्याने अशीच एक गाडी घेऊन तिच्यात झोपण्याचे बाक, शेगडी, पाण्याची टाकी अशी फिरत्या बिऱ्हाडाची सोय करून घेतली होती. साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढू लागली की तिचा उष्णतेचा काटा वर सरके आणि रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी ओतावे लागे. अंगणात मात्र एक थेंबही दिसत नसे.

मग ते पाणी जाते कोठे? इंजिनाभोवती फिरणारे पाणी दाबाखाली असते. सुमारे १ बार दाब धरणारे झाकण असले तर ते १०० ऐवजी जवळजवळ १२० अंशांना उकळते. चालत्या इंजिनावर पडलेला थेंब जागीच वाळतो, मागे पांढुरकी पुटे तेवढी उरतात. पाणी आतल्या आत सिलिंडरात झिरपत असेल तर धूर पांढरा होतो, कधी तेल दुधाळ होते. तसे काही येथे नव्हते. डिचोलीच्या मेस्त्रीने, ज्याचे आयुष्य खनिजवाहू ट्रकांखाली गेले, इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला आणि तो काट्याकडे पाहत बसला. खालच्या रबरी नळीवर ओल आली, पण त्याने नळीला हात लावला नाही. कौलारू घरात वाढलेल्यांना याचे कारण सांगायला नको. कौल एकीकडे फुटते, पाणी वाशावरून ओघळत भलतीकडेच ठिबकते. ओलीचा माग काढत तो वर पाण्याच्या पंपापर्यंत पोहोचला.

या पंपाच्या पोटाशी एक बारीक छिद्र असते. ते कारखान्यातच मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी या वाटेने बाहेर पडते. ते बेअरिंगमध्ये शिरत नाही आणि मालकाला वेळीच सूचना मिळते. यंत्र घडवणाऱ्याने यंत्राला दिलेली ही वाचाच म्हणायची.

गाडी विकायची ठरली होती. पेडण्याचे एक कुटुंब वृद्ध आईला तिच्यातून आंबोली घाटाने पंढरपूरला नेणार होते. कोणी पुतण्याला रेडिएटरमध्ये हळद घालायला सांगितले (बारीक छिद्रे बुजवण्याचा हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय), तर कोणी ते छिद्रच एम-सीलने बंद करायला. पुतण्या म्हणाला, "काका, जुनी गाडी घेणारा दोष गृहीत धरूनच किंमत करतो. विचारले तर मी खरे सांगेन."

या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. गंजलेला पत्रा विक्रेत्याने बोटाने दाखवलाच पाहिजे, असे मीही म्हणणार नाही. तो समोर दिसतो. पण पाहून घेण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकायची, तर पाहण्याजोगी खूण जागेवर ठेवली पाहिजे. ती पुसून मग मौन धरणारा केवळ गप्प बसलेला नसतो. त्याने ग्राहकाची चौकशीच आधी निष्फळ केलेली असते. अश्वत्थाम्याच्या प्रसंगी धर्मराजाचे शब्द खोटे नव्हते, परंतु द्रोणाचार्यांची खोटी समजूत व्हावी म्हणूनच ते योजले होते. त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला तो याचसाठी. सरकारी नोकरीत 'तूर्त' हा शब्द मी इतक्या फायलींवर वाचला आहे की हळदीचा वास मला दुरूनच येतो.

पुतण्याने नवा पंप बसवला. दाबाचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही. तरीही, गाडी घाटात अनेकदा तापली होती, तेव्हा हेड गॅस्केटवर लक्ष ठेवा, एवढे सांगणे उरले होते आणि तेही त्याने सांगितले. त्या गृहस्थांनी किंमत थोडी उतरवून घेतली. पुतण्या दोन दिवस माझ्याशी घुम्यासारखा वागला. जुना पंप मात्र त्या गृहस्थांनी मागून घेतला. छिद्र नेमके कोठे असते ते मुलाला दाखवायचे होते म्हणे.