निरपेक्ष देशभक्ति

इ. स. १७७६ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं स्वातंत्र्याचा जो जाहीरनामा काढला, त्यांत जीवित व स्वातंत्र्य यांच्या जोडीस सुखाचा शोध हाही मनुष्याचा जन्मसिद्ध हक्क म्हणून घातला आहे. 'मनुष्य' या शब्दांत स्त्रिया येतात कीं नाहीं, हें जाहीरनामा सांगत नाहीं. कायदा मात्र स्पष्ट सांगत होता. लग्न होतांच स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई, आणि स्वतःच्या नांवें तिला करारही करतां येत नसे.

त्याच वर्षीं मार्चमध्यें अबिगेल ॲडम्स या बाईंनीं आपले पति जॉन ॲडम्स यांस, नवे कायदे करतांना स्त्रियांचें स्मरण ठेवावें, असें लिहिलें होतें. पतिराजांनीं ती गोष्ट हंसण्यावारी नेली. पुढें १७८२ सालीं जॉन हॉलंडमध्यें वकील म्हणून असतां बाईंनीं पुन्हा लिहिलें. मानाच्या व अधिकाराच्या जागा आम्हांस बंद, मालमत्तेवर सत्ता दुसऱ्याची. तेव्हां स्त्रियांची देशभक्ति हा सर्वांत निरपेक्ष सद्गुण होय, असा त्या पत्राचा आशय आहे.

हा विचार वाचून पुष्कळांस धन्यता वाटेल. मला तो अवघड वाटतो. निष्काम कर्माची थोरवी आपणांस कोणी शिकवावयास नको. परंतु फलत्याग करण्यास आधीं फलावर अधिकार असावा लागतो. ज्याच्यापुढें ताट वाढलेंच नाहीं, त्याच्या उपाशी राहण्यास उपवास म्हणतां येईल काय? अशा निरपेक्षतेची स्तुति वाढणाऱ्यास मात्र फार सोयीची असते. बाईंच्या लेखणीचा रोख तिकडेच असावा.

तरी एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. कारण त्या स्त्रियांनीं जें केलें तें सर्वच कांहीं लादलेलें नव्हतें. १७८० सालीं फिलाडेल्फिया शहरांत एस्थर रीड यांच्या पुढाकारानें स्त्रिया सैनिकांसाठीं वर्गणी मागत घरोघर फिरल्या. चांगल्या घरच्या बायकांनीं असें दारोदार जावें, हें कित्येकांस रुचलें नाहीं. घसरलेल्या कागदी चलनांत कां होईना, तीन लाख डॉलर जमले. रीडबाईंची इच्छा अशी कीं, प्रत्येक सैनिकाच्या हातीं दोन रोख डॉलर द्यावे व ते त्यानें वाटेल तसे खर्चावे. कपडालत्ता हें सरकारचें देणें. हें त्याहून निराळें, केवळ त्याच्या संतोषासाठीं. वॉशिंग्टन यांस तें पसंत पडलें नाहीं. शिपाई पैसे दारूंत घालवतील, सदरे द्या, असें त्यांचें म्हणणें. बाईंनीं तें मान्य केलें, आणि त्याच सप्टेंबरांत, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षीं, त्या वारल्या.

सेनापतींचा हिशेब खोटा नव्हता. कपड्यांची वाण खरीच होती. पण गरज भागविणें वेगळें आणि सुख ज्याचें त्याला शोधूं देणें वेगळें, हा भेद जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या कित्येकांपेक्षां या बाईंस अधिक उमगला होता. ज्यांना स्वतःची थैली नव्हती, त्यांनीं दुसऱ्याच्या हातीं बिनहिशेबी पैसा देऊं पाहावा!

फ्रँक्लिन यांच्या कन्येनें व इतर स्त्रियांनीं काम पुढें चालविलें, आणि दोन हजारांहून अधिक सदरे शिवून झाले. प्रत्येकावर तो शिवणारीचें नांव होतें. लग्न झालेल्या स्त्रियांचेंही.