चार हात पुढचं

ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकणं. बस्तीत महाराजांच्या तोंडून हे आपण कितीदा ऐकलंय. पण भरलेला टँकर महामार्गावर निघतो, त्याचे चार हात किती धरायचे?

20 डिसेंबर 2024 च्या पहाटे जयपूरजवळ भांकरोट्याला एलपीजीचा टँकर वळण घेत होता. त्याला ट्रक धडकला, टँकरचं नोझल तुटलं, गॅस पसरला आणि पेटला. आत सुमारे 18 टन माल. आपल्या 14.2 किलोच्या सिलिंडरांत मोजलात तर साडेबाराशेहून जास्त! हा गॅस हवेपेक्षा जड, वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत गाड्यांखाली शिरतो. वीसच्या आसपास माणसं गेली. रस्ता एनएच 48, आपल्या बेळगावच्या अंगावरून बंगळूरकडे जातो तोच.

स्वाध्यायात हा विषय निघाला तेव्हा बायका म्हणाल्या, ड्रायव्हरचं पाप. मला ते पटेना. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी बांधलीय. कुंदकुंदांनी प्रवचनसारात आणखी पुढं जाऊन सांगितलंय, की जीव मरो वा जगो, बेफिकीर वागणाऱ्याला हिंसा लागलीच. जपून चालणाऱ्याला नाही. म्हणजे आग लागण्याआधीच कुणाकुणाला ती लागलेली असते. ड्रायव्हरला रात्रभर झोप न देता फेरी ठरवणाऱ्याला, भरधाव रस्त्यात वळायला जागा ठेवून दिवा न लावणाऱ्याला. हे लोक चाकामागं नसतात, एवढंच.

आणि आपण? कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही आपण पाठ म्हणतो. पाणी गाळून घेतो, दिवस मावळायच्या आत जेवतो. ते जेवण ज्या आचेवर शिजतं ती कुणाच्या गावावरून आली, हे गाळण्यात धरत नाही. एक वहिनी तडकून म्हणाल्या, "मग काय चूल पेटवू?" नको हो. चुलीच्या धुरानं आईचे डोळे गेलेले मी बघितलेत. गॅस सोडा असं मी म्हणतच नाही. पण माहीत नसणं हे निर्दोष असणं आहे की तोही प्रमादच, इथं माझं अडतं. माझा कौल दुसरीकडंच झुकतो.

गेल्या आठवड्यात सिलिंडर दोन दिवस उशिरा आला. फोन हातात घेतला होता, चार शब्द सुनवायला. ठेवला. पोरगं आलं तेव्हा विचारलं, "बाळ, हा गॅस कुठनं येतोय रे?"

"काय की, आक्का."

चाळीस वर्षं झाली या शेगडीपुढं उभी राहून, मीही आज पहिल्यांदाच विचारत होते.