टोकं कुठे टेकतात

चायना ग्रास शिजताना पातेल्याजवळ थोडं थांबून पाहावं. शंभर मिलिलिटर पाण्याला एखादा ग्रॅम पुरतो. उकळी येते, पांढऱ्या पात्या हळूहळू विरतात आणि पातेल्यात पुन्हा नुसतं पाणीच दिसू लागतं. ते ताटलीत ओतायचं आणि निवू द्यायचं. बर्फाची गरज नसते. ४० अंशांच्या खाली उतरता उतरता ते थबकतं. ताटली तिरकी केली तरी वाहत नाही. सुरीने वड्या पडतात.

त्या वडीतही शंभरातले नव्याण्णव भाग पाणीच असतं. एका भागाने नव्याण्णव भागांना धरलेलं असतं.

तो एक भाग म्हणजे समुद्रशेवाळातून काढलेल्या, शर्करेच्या लांबच लांब साखळ्या. पाणी गरम असतं तेव्हा प्रत्येक साखळी एकटीच वळवळत असते. निवू लागलं की दोन साखळ्या एकमेकींना पीळ घालतात. असे पीळ शेजारी शेजारी येऊन जुडगे बांधतात. एकच साखळी इथे एका जुडग्यात असते, पुढे दुसऱ्या. मग भांड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच जाळं उभं राहतं. ते पुन्हा मोडायचं तर ८५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. जुळायला थोडं निवावं लागतं. सुटायला फार तापावं लागतं.

जाळ्याने पाणी धरलं, पण कोंडलं नाही. वडीवर रंगाचा थेंब ठेवला तर तो आत पसरत जातो. लहान रेणू त्या जाळीतून जवळजवळ साध्या पाण्यातल्यासारखेच फिरतात. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेस यांनी स्वयंपाकघरातला हा पदार्थ, म्हणजे अगार, प्रयोगशाळेसाठी सुचवला. त्यांचे पती वॉल्थर हेस तेव्हा रॉबर्ट कॉख यांच्याकडे जंतूंवर काम करत होते. त्याआधी वापरलं जाणारं जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई. अगारवर जंतू जागच्या जागी राहिले आणि त्यांचं अन्न त्यांच्यापर्यंत पोचत राहिलं. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही ते असंच वापरतात. धरणं वेगळं, अडवणं वेगळं.

पण साखळी आहे म्हणून जाळं होतंच असं नाही.

तेल, पाणी आणि साबणाच्या जातीचे रेणू योग्य प्रमाणात एकत्र आले की एक नितळ द्रव तयार होतो. त्याला मायक्रोइमल्शन म्हणतात. त्यातले तेलाचे थेंब काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर एवढेच असतात. प्रकाश त्यांच्यातून जवळजवळ न विखुरता जातो, म्हणून ते दिसत नाहीत. ठेवून दिलं तरी तेल वर येत नाही. प्रत्येक थेंब आपापल्या पातळ पडद्यात सुखाने असतो.

आता त्यात एक पॉलिमर घालायचं. लांब साखळी, मधला सगळा भाग पाण्यात रमणारा आणि दोन्ही टोकं तेलाकडे ओढ घेणारी. टोकांना थेंब हवा असतो. थेंब दूर दूर असले तर दोन्ही टोकं एकाच थेंबात शिरतात. साखळीचा फास होतो. थेंबाला जरा जाडी येते, शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. थेंब जवळ असले तर एक टोक इथे टेकतं आणि दुसरं शेजारी. साखळीचा साकव होतो. असे साकव पुरेसे झाले की एका क्षणी सगळा द्रव एकसंध होऊन जेलसारखा घट्ट होतो. तेल तेच, पाणी तेच, साखळीही तीच. फरक फक्त तिची टोकं कुठे टेकली याचा.

दुसऱ्या एका पॉलिमरची गोष्टही अशीच आहे. त्याचा अर्धा भाग तेलातला, अर्धा पाण्यातला. ते तेल आणि पाणी यांच्यामधल्या पडद्यातच रुजतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत कोलोन आणि युलिश इथल्या संशोधकांनी पाहिलं, की ते अगदी थोडं घातलं तरी तेवढंच तेल आणि पाणी एकत्र नांदायला साबणाचे रेणू कितीतरी कमी पुरतात. पडद्याला ताठपणा येतो. पुढे असंही दिसलं, की साखळ्या पडद्यात न रुजता मोकळ्याच तरंगत राहिल्या तर परिणाम उलट होतो. साबण जास्त लागतो. रुजलेली साखळी आधार देते. नुसती आसपास असलेली साखळी आधार देईलच असं नाही.

थेंबांना जोडणाऱ्या त्या साकवांचं आणखी एक वेगळेपण आहे. ते कायमचे नसतात. उष्णतेच्या हालचालीने एखादं टोक एका थेंबातून निसटतं आणि दुसऱ्या थेंबात शिरतं. हे सतत चालू असतं. म्हणून असं जेल झटक्याने दाबलं तर उसळून परत येतं. हलकेच, वेळ देऊन ओढलं तर वाहू लागतं. घाईला ते विरोध करतं, धीराला वाट देतं.

आपण एखाद्या नात्याची मजबुती मोजतो ती बहुधा गाठ किती पक्की आहे यावरून. इथे एकही गाठ पक्की नाही. कोणत्याही क्षणी कितीतरी टोकं सुटलेली असतात. तरी जाळं टिकतं, कारण सुटलेलं टोक पुन्हा कुठेतरी रुजतं.