घरफोडी, गाडीची लूट आणि दंडाचे माप

रस्त्याच्या कडेला उभी केलेली रिकामी गाडी रात्रीतून नाहीशी होते. दुसरीकडे सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या चालकाला पिस्तुलाचा धाक दाखवून खाली उतरवले जाते आणि गाडी पळवली जाते. मालकाचे आर्थिक नुकसान दोन्हीकडे सारखेच. दुकानातून दागिना लांबवला काय, किंवा घरची माणसे झोपली असताना कडीकोयंडा उचकटून तोच दागिना कपाटातून नेला काय, ऐवजाची किंमत बदलत नाही. तरीही बहुतेक देशांच्या कायद्यांनी दुसऱ्या प्रकारच्या गुन्ह्याला अधिक कडक शिक्षा ठेवली आहे, आणि अशा घटना वाढल्या की ती आणखी कडक करण्याची मागणी होते. ही मागणी केव्हा न्याय्य ठरते, हा कायद्याइतकाच धर्मविचाराचा आणि नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. त्याची दोन अंगे आहेत: जादा दंडाला आधार कोणता, आणि त्या दंडाला मर्यादा कोणती.

पहिल्या अंगाचा विचार भारतीय धर्मशास्त्राने फार पूर्वी केला. मनुस्मृतीचा आठवा अध्याय ‘स्तेय’ आणि ‘साहस’ असा भेद करतो. धन्याच्या नकळत, त्याच्या पाठीमागे वस्तू नेणे हे स्तेय; त्याच्या समोर, बळजबरीने नेणे हे साहस. साहस करणारा माणूस साध्या चोरापेक्षाही अधिक पापी, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. उभी गाडी चोरणे आणि चालकाच्या हातून गाडी हिसकावणे यांतला आजचा फरक नेमका हाच आहे. चोर वस्तूकडे बघतो आणि माणसाला टाळतो. लुटारू माणसावरच हात टाकतो, कारण वस्तूपर्यंत जाण्याची त्याची वाट माणसातून जाते.

घरफोडीत हा भेद धूसर होतो. घरफोड्या लपूनछपून येतो, म्हणजे तो स्तेयाच्या बाजूचा. पण तो जिथे शिरतो तिथे माणसे झोपलेली असतात. ही अडचण हिब्रू धर्मग्रंथांनी बारकाईने हाताळली. निर्गम या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायातील नियमानुसार, घर फोडताना सापडलेला चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष येत नाही. मात्र सूर्य उगवल्यानंतर तसे घडले तर दोष येतो. प्राचीन रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यातही रात्रीचा चोर आणि दिवसाचा चोर असा फरक होता. दिवसा आलेल्या चोराने शस्त्र उगारले तरच त्याला मारण्याची मुभा होती.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील पंडितांनी या नियमामागचे कारण शोधले. आपली मालमत्ता डोळ्यांदेखत जात असताना माणूस गप्प बसत नाही, हे चोराला ठाऊक असते. म्हणजे मालक जागा झाला आणि आडवा आला तर त्याला मारायचे, अशी तयारी मनाशी करूनच चोर आत शिरतो. त्याने अजून कोणाला हात लावलेला नसला तरी त्याच्या येण्यातच जिवाचा धोका दडलेला आहे, आणि मालकाला मिळालेला हक्क त्या धोक्यापुरता आहे. म्हणून सूर्याचा उल्लेखही त्यांनी निव्वळ वेळेचा मानला नाही. जिवाला धोका आहे की नाही हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट असणे, असा अर्थ त्यातून काढला. वडील मुलाच्या घरात चोरी करायला शिरले, तर बापाची माया सुटत नाही असे धरून चालावे आणि मुलाने त्यांच्यावर प्राणघातक वार करू नये, इतक्या तपशिलापर्यंत ही चर्चा जाते. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीज यांनी पुढे नोंदवले की चोर पाठ फिरवून निघाला असेल तर त्याला मारण्याचा हक्क उरत नाही. धोका संपला की हक्कही संपतो.

हाच युक्तिवाद विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वेगळ्या वेषात उभा राहिला. चालकाकडून बळाने गाडी हिसकावण्याला, म्हणजे कारजॅकिंगला, तिथे 1992 साली स्वतंत्र संघीय गुन्हा ठरवण्यात आले. शिक्षा 15 वर्षांपर्यंत, गंभीर इजा झाल्यास 25 वर्षांपर्यंत आणि मृत्यू झाल्यास जन्मठेपेपर्यंत. 1994 मध्ये मृत्यू घडलेल्या प्रकरणांसाठी देहदंडाची तरतूद जोडली गेली. त्याच दुरुस्तीने गुन्ह्याच्या व्याख्येत ठार मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू ही अट आणली. ‘होलोवे विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात, चालकाने त्रास दिला असता तरच बंदूक चालवली असती, अशी साक्ष आरोपीच्या साथीदाराने दिली. अशा सशर्त हेतूला हेतू म्हणायचे का? 1999 मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ‘होय’ असे उत्तर दिले. तालमूदमधला रात्रीचा चोर आणि न्यूयॉर्कमधला हा लुटारू यांच्या मनातला करार एकच आहे: माल निमूट दिला तर जीव वाचेल, नाही तर नाही. दुसऱ्याच्या जिवाला अशी अट घालण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि जादा दंडाचा खरा आधार तोच आहे.

भारतीय कायद्याची रचना याच आधारावर उभी आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेने रात्रीची घरफोडी वेगळी काढली होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो क्रम राखला आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत, चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, आणि तीच सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत केली तर चौदा वर्षांपर्यंत. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी असून, ती रात्री महामार्गावर झाल्यास मुदत चौदा वर्षांपर्यंत जाते. रात्रीची घरफोडी आणि जबरी चोरी या दोन्हींत स्वसंरक्षणाचा हक्क प्रसंगी हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत पोहोचू शकतो. पण बचावासाठी लागेल त्यापेक्षा अधिक इजा करण्याची परवानगी तिथेही नाही.

घराचे नुकसान जिवाच्या धोक्यावरही संपत नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. मातीत पाणी मुरून भिंत कुठे कमकुवत झाली आहे हे तो चाचपतो, भोकाला कोणता आकार शोभेल याचा विचार करतो आणि मापाची दोरी विसरली म्हणून गळ्यातले जानवे मापाला घेतो. आत झोपलेल्यांना तो इजा करत नाही. दागिन्यांचे गाठोडे तेवढे नेतो, आणि तेही एका दासीला मुक्त करण्यासाठी लागणाऱ्या धनाकरता. पण ते दागिने नाटकाची नायिका वसंतसेना हिने चारुदत्ताकडे ठेवलेली ठेव असतात. सकाळी चारुदत्ताला हळहळ वाटते ती दागिन्यांच्या किमतीची नव्हे. दरिद्री माणसाच्या घरी चोरी झाली यावर कोणाचा विश्वास बसणार, ही त्याची चिंता असते. पतीची अब्रू राखण्यासाठी चारुदत्ताची पत्नी धूता हिला आपला रत्नहार द्यावा लागतो. कोणालाही ओरखडा न उठवता केलेली घरफोडी अब्रू, झोप आणि विश्वास घेऊन जाते. पंचनाम्यातील मुद्देमालाच्या यादीत यातले काहीच येत नाही, म्हणूनच ऐवजाच्या किमतीवरून या गुन्ह्याचे माप काढता येत नाही.

अधिक दंड न्याय्य आहे, इतके मान्य केल्यावर मर्यादेचा प्रश्न येतो. मनुस्मृतीचा नववा अध्याय रात्री भिंत फोडून चोरी करणाऱ्याचे हात तोडून त्याला सुळावर चढवायला सांगतो. वर्णानुसार दंड बदलणारी आणि शरीर छिन्न करणारी ती व्यवस्था समान माणुसकी मानणाऱ्या कोणत्याही न्यायविचाराला स्वीकारता येणार नाही. कौटिल्याची दृष्टी इथे अधिक स्थिर आहे. तीक्ष्ण दंड देणाऱ्याला प्रजा भिते, सौम्य दंड देणाऱ्याला जुमानत नाही आणि यथायोग्य दंड देणाऱ्यालाच मान देते, असे अर्थशास्त्र सांगते. दंडाचे बळ त्याच्या जडपणात नसून योग्यतेत आहे, हा त्याचा आशय.

अतिरेकी दंडाने काय होते, याचे विलक्षण चित्र दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात आहे. राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते आणि त्यातून चोरी जन्मते. पकडलेल्या पहिल्या चोराला राजा उपजीविकेसाठी पैसे देतो. ते ऐकून इतर लोकही चोरीकडे वळतात. घाबरलेला राजा मग एका चोराचा शिरच्छेद करतो. त्यातून लोक वेगळाच धडा घेतात: आपणही शस्त्रे बनवावीत आणि ज्याला लुटायचे त्याचेच डोके उडवावे. ढिलाईने चोर वाढले आणि क्रौर्याने चोरांचे खुनी झाले. त्याच निकायातील कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की वध आणि बंदिवास यांनी लुटारूंचा उपद्रव मिटणार नाही, कारण मागे उरलेले पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे.

लूट आणि खून यांना एकच शिक्षा असेल तर लुटारूला साक्षीदार जिवंत ठेवण्यात काहीच लाभ नसतो, हा मुद्दा पुढे युरोपात थॉमस मोर आणि मॉन्टेस्क्यू यांनी मांडला. गाडी हिसकावण्याला किंवा घरफोडीला खुनाच्या जवळपासची शिक्षा ठेवणारा कायदा, ज्यांच्या रक्षणासाठी तो केला त्या चालकाचा आणि घरमालकाचाच जीव धोक्यात घालतो. इंग्लंडच्या इतिहासाने दुसरा तोटा दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून 40 शिलिंगांचा माल चोरणे हा त्यांपैकी एक. पण माणसाला दागिन्यासाठी फासावर चढवायला ज्यूरींचे मन होत नसे. ते मालाची किंमत 39 शिलिंग ठरवून मोकळे होत. कायदा इतका कठोर झाला की सज्जन माणसे शपथेवर खोटे बोलू लागली. बेकारिया या मिलानच्या विचारवंताने 1764 मध्ये जे प्रतिपादन केले त्याचा हा पुरावा आहे: गुन्हेगाराला धाक बसतो तो शिक्षा निश्चित आणि तत्पर असण्याचा, नुसत्या क्रौर्याचा नव्हे.

गुन्ह्याऐवजी गुन्हेगाराच्या जुन्या नोंदी मोजू लागल्या की मर्यादा आणखी एका प्रकारे सुटते. कॅलिफोर्नियाने 1994 मध्ये तिसऱ्या गुन्ह्यासाठी 25 वर्षे ते जन्मठेप ठरवली. पूर्वी घरफोड्या आणि जबरी चोरी केलेल्या एका माणसाला गोल्फच्या तीन काठ्या चोरल्याबद्दल ही शिक्षा झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ती कायम ठेवली. 2012 मध्ये तिथल्या मतदारांनीच हा कायदा सौम्य करून तिसरा गुन्हाही साधारणपणे गंभीर किंवा हिंसक असावा अशी अट घातली. घरफोड्याच्या मागच्या वागणुकीचा विचार करणे योग्यच. पण ज्या गुन्ह्यात कोणाच्या जिवाला अट घातली गेली नाही, त्याला तसा दंड देणे अन्याय आहे.

इस्लामी न्यायशास्त्रातही दंडाच्या भोवती अटींचे कुंपण आहे. चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा कुराणात आहे; पण वस्तू सुरक्षित, राखलेल्या जागेतून नेलेली असावी, तिची किंमत ठरावीक मर्यादेवर असावी आणि शंकेला जागा असेल तर ही शिक्षा टळावी, असे नियम न्यायशास्त्रज्ञांनी घातले. दुष्काळाच्या वर्षी खलिफा उमर यांनी ती स्थगित केली असे परंपरा सांगते. जितका दंड मोठा तितका पुरावा काटेकोर हवा, हे तत्त्व त्या शिक्षेला विरोध असणाऱ्यालाही पटण्यासारखे आहे.

शेवटचा मुद्दा राज्याच्या स्वतःच्या जबाबदारीचा. चोरीस गेलेले धन राजाने प्रजेला मिळवून द्यावे, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते; न देणाऱ्या राजाला पाप लागते. माल सापडत नसेल तर तो राजाने स्वतःच्या द्रव्यातून भरून द्यावा, असे कौटिल्य म्हणतो. करही घ्यायचा आणि रक्षणही करायचे नाही, हे या परंपरेला मान्य नाही. आजच्या भाषेत याचा अर्थ गस्त, तत्पर तपास, वेळेत लागणारे निकाल, मुद्देमालाची परतफेड आणि पीडिताला भरपाई. हे न करता केवळ शिक्षेची वर्षे वाढवणारे सरकार आपले कर्तव्य चोराच्या खात्यावर टाकते.

या सर्व विचारांतून कडक कायद्याच्या चार कसोट्या निघतात. जादा दंड हा ऐवजाच्या किमतीवर नव्हे, तर माणसाच्या जिवाला आणि घराच्या निर्धास्तपणाला पोहोचलेल्या धोक्यावर ठरावा. लूट आणि खून यांच्या शिक्षांत पुरेसे अंतर राहावे, म्हणजे लुटारूला जीव घेण्यापासून परावृत्त होण्याचे कारण उरेल. दंड जितका वाढेल तितका पुरावा अधिक काटेकोर व्हावा. आणि दंड वाढवणाऱ्या राज्याने रक्षणाचे व भरपाईचे आपले कर्तव्य आधी पुरे करावे. या कसोट्यांना उतरणारा कायदा कितीही कडक असला तरी न्याय्य आहे. न उतरणारा कायदा घाबरलेल्या समाजाला घटकाभर दिलासा देईल, पण त्याचे रक्षण करू शकणार नाही.