कळशीभर पाणी

दुपार आहे. हेदवीतल्या या जुन्या गोठ्यात क्षणभर बसा.

आता इथे गाडी उभी असते. तिच्यामागे सुतारकामाचं टेबल, करवत, ग्राइंडर. फणसाच्या भुश्शाचा वास आहे. तो येऊ द्या.

मेन स्विच खाली करा.

पंखा फिरत राहतो, मंदावतो, थांबतो. त्याला त्याचा वेळ घेऊ द्या.

ऐका. भरती असेल तर बामणघळीत आता लाट शिरत असेल. भेग चिंचोळी, पाण्याला जागा पुरत नाही, ते उभंच्या उभं उसळतं.

एक श्वास. घाई नाही.

सॉकेटकडे बघा. वरचं भोक मोठं. प्लगची तिसरी पिन लांब आणि जाड. आत जाताना ती पहिली टेकते, निघताना शेवटी सुटते. (ती कापून टाकणारे हातही आपल्याकडे आहेत. आत्ता ते आठवू नका.)

तिची हिरवी वायर नजरेने धरा. जांभ्याच्या भिंतीवरून, चौकटीवरून, बाहेर, माडापर्यंत.

तिच्यातून आत्ता काही वाहत नाही. कालही नव्हतं. सगळं ठीक असतं तेव्हा ती नुसती असते.

तिच्यापाशी थांबा.

अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण सरकवा. खाली कोळसा आणि मीठ. मीठ इथे हवेतही आहे. नटावर कळंक चढलाय का? हात नको. नुसतं बघा.

उन्हाळ्यात जांभा कोरडाठाक होतो. कोरडी जमीन वीज सहज घेत नाही, ओली घेते.

कळशी कलंडवा. हळू.

पाणी मुरतं, त्याचा आवाज ऐका. बुडबुडा. मग काहीच नाही.

पुन्हा एक श्वास. गेला. परत आला.

आत या. मेन चालू करा. बोर्डातली आरसीसीबीही हेच बघत असते: गेली तेवढी वीज परत आली का. 30 मिलिअँपिअरचा फरक, आणि ती खाली पडते. एवढ्याशा विजेवर जुना तारेचा बल्बही धड पेटत नाही; माणूस मात्र जाऊ शकतो.

तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बारीक बटण आहे. बोट ठेवा. दाबा.

ऐका.

खट् झालं, तर खटका वर करा आणि कामाला लागा. नाही झालं, तर आज करवत राहू द्या. परवानाधारक वायरमनला बोलवा.