साधनाची योग्यता आणि कर्त्याचे दायित्व : चकमकीच्या बंदुकीच्या दारूविषयी एक विचार

साधनाची योग्यता ठरवणारा निर्णय आणि ते साधन वापरावे की नाही हे ठरवणारा निर्णय एकाच जातीचे असतात काय, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. ज्या साधनाच्या निवडीला कमालीची सूक्ष्मता लागते आणि ज्याचे साध्य मात्र बहुधा कोणाच्या तरी जिवाशी निगडित असते, अशा साधनाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अडचणीचा होतो. चकमकीच्या बंदुकीला लागणारी दारू हे असे साधन आहे. ती निवडणे हे तंत्राचे काम आणि ती मिळवणे हे व्यापाराचे काम, असे वरवर पाहता वाटते. परंतु निवडीच्या आणि मिळवण्याच्या तपशिलात शिरले की या दोन्ही कामांत धर्माधर्माचा विचार कोठून प्रवेश करतो, हे बऱ्याच नेमकेपणाने दाखवता येते.

तोड्याच्या बंदुकीत जळती वात दारूला टेकवावी लागे. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आकाराला आलेल्या चकमकीच्या बंदुकीत वातीची जागा गारगोटीने घेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोप-अमेरिकेतील फौजा याच बंदुकीवर अवलंबून राहिल्या. चाप ओढताच घोड्याच्या जबड्यात आवळलेला गारेचा तुकडा पोलादी पट्टीवर घासला जातो, पट्टीवरून खरवडले गेलेले पोलादाचे जळते कण खालच्या लहानशा वाटीत पडतात आणि त्या वाटीतली चिमूटभर दारू, जिला रंजक म्हणतात, ती पेट घेते. रंजकीची ज्वाला नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते, आणि मग ठासून भरलेला मुख्य बार उडतो. म्हणजे एकाच गोळीसाठी दारू दोनदा पेटावी लागते, आणि पहिल्यांदा ती केवळ काही ठिणग्यांच्या बळावर पेटावी लागते. या बंदुकीच्या दारूविषयीचा सगळा चोखंदळपणा या एका गोष्टीतून उपजतो.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. प्रचलित प्रमाण अनुक्रमे ७५, १५ आणि १० टक्के असे आहे. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो, आणि गंधक जळण्यात भाग घेत असतानाच मिश्रण पेटण्याचे तापमानही खाली आणतो. कोळसा विलो किंवा अल्डरसारख्या हलक्या लाकडाचा असावा लागतो, कारण जड लाकडाच्या कोळशाची दारू मंद जळते. हे मिश्रण ओलसर अवस्थेत दाबून त्याच्या वड्या करतात, त्या फोडून दाणे पाडतात आणि चाळण्यांतून प्रतवारी लावतात. इंग्रजी व्यापारात दाण्याचा बारीकपणा ‘एफ’ या अक्षराच्या संख्येने दाखवतात : चार एफची सर्वांत बारीक दारू रंजकीसाठी, तीन एफची लहान तोंडाच्या रायफलीच्या बारासाठी आणि दोन एफची रुंद तोंडाच्या बंदुकीसाठी, असा सर्वसाधारण संकेत आहे. दाणा जाड असेल तर ठिणगी पडूनही रंजक रेंगाळते; तो बारीक असेल तर नळीतला दाब झपाट्याने चढतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूला पेटण्यासाठी अधिक उष्णता लागते, त्यामुळे टोपीच्या, म्हणजे ठिणगीऐवजी स्फोटक टोपीने बार पेटवणाऱ्या, बंदुकीत ती चालते, पण गारेच्या ठिणगीवर तिचा भरवसा धरता येत नाही. धूरविरहित दारू तर या बंदुकीत सर्वस्वी वर्ज्य आहे, कारण तिच्या दाबाने नळी फुटते आणि इजा नेम धरणाऱ्यालाच होते.

इतक्या बारकाईने ठरणाऱ्या या योग्यतेचे नैतिक स्थान कोणते, याचे सर्वांत काटेकोर उत्तर पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात, एका वेगळ्याच निमित्ताने दिले गेले आहे. वेदात श्येन नावाचा एक याग सांगितला आहे आणि तो शत्रूचा घात इच्छिणाऱ्याने करावयाचा आहे. वेदाने सांगितले तो धर्म, असे मानल्यास शत्रुघातही धर्म ठरेल, ही आपत्ती जैमिनींच्या सूत्रांवरील भाष्यात शबरस्वामींनी ओळखली आणि तिचा परिहार केला. विधी पुरुषाला फळाकडे ढकलत नाही, फळाकडे तो स्वतःच्या इच्छेनेच ओढला गेलेला असतो. ज्याला ते फळ हवे आहे त्याला उपाय कोणता, एवढेच विधी सांगतो, असा त्या परिहाराचा आशय आहे. नंतरच्या मीमांसकांनी हाच विचार भावनेच्या, म्हणजे क्रियापदातून व्यक्त होणाऱ्या घडवण्याच्या व्यापाराच्या, विश्लेषणातून पक्का केला. या व्यापाराला तीन आकांक्षा असतात : काय साधायचे, कशाने साधायचे आणि कोणत्या रीतीने साधायचे. तिसरीला इतिकर्तव्यता असे नाव आहे. श्येनातील हिंसा पहिल्या आकांक्षेत, म्हणजे फळात आहे, म्हणून तिला विधीचे संरक्षण मिळत नाही. अग्नीषोमीय यागातील पशुहिंसा मात्र इतिकर्तव्यतेत मोडते, म्हणून ती मीमांसकांना निर्दोष वाटते, आणि नेमक्या याच ठिकाणी सांख्यांनी त्यांच्याशी मतभेद नोंदवून वैदिक कर्माला अशुद्धीचा दोष लावला.

या चौकटीत दारूच्या निवडीचे स्थान स्पष्ट दिसते. तीन एफ घ्यावी की चार एफ, रंजक वाटीत किती भरावी, बार मापाने किती घालावा, हे सारे दुसऱ्या आणि तिसऱ्या आकांक्षेचे विषय होत, आणि त्यांचे बिनचूक उत्तर मिळाले म्हणून पहिल्या आकांक्षेविषयी काहीही सिद्ध होत नाही. कांट यांनी १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात हेच वेगळ्या वाटेने मांडले : रोगी बरा करण्यासाठी वैद्याने दिलेली सूचना आणि माणूस हमखास मारण्यासाठी विषप्रयोग करणाऱ्याने पाळलेली सूचना, दोन्ही आपापला हेतू साधतात तोवर उपाय म्हणून सारख्याच किमतीच्या आहेत. नेमबाजीच्या फळीवर, रानडुकरावर किंवा माणसावर रोखलेल्या बंदुकीतली रंजक सारखीच चांगली किंवा सारखीच वाईट असते.

तरीही या विभागणीने साधनाचा प्रांत नीतीच्या कक्षेबाहेर गेला, असे मानता येत नाही. चुकीची दारू आणि निष्काळजीपणे ठेवलेली दारू यांचे फळ इच्छेची वाट पाहत नाही. ते मालकाला, शेजाऱ्याला आणि वाटसरूलाही भोगावे लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी जी शिस्त सांगितली आहे, तिच्यामागे हीच जाणीव आहे. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा, त्यात ओल शिरू नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढवून तिला ऊन द्यावे व पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, असा तो दंडक आहे. तेथे युद्ध न्याय्य की अन्याय्य, याची चर्चा नाही, आणि तिची गरजही नाही. ज्याच्या ताब्यात असे द्रव्य आहे त्याच्यावर सावधपणाचे कर्तव्य त्या ताब्यामुळेच येते. जैन आचारात गृहस्थाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडाचा, म्हणजे प्रयोजनावाचून घडणाऱ्या पापाचा, त्याग सांगितला आहे, आणि समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे जे पाच प्रकार दिले आहेत त्यांत प्रमादचर्या, म्हणजे बेफिकीर वागणे, हा एक आहे. उपायाची योग्यता पारखण्याचा कंटाळा हाही या दृष्टीने दोषच ठरतो.

त्याच पाचांतील दुसरा एक प्रकार हिंसादान हा आहे : कुऱ्हाड, तलवार, अग्नी, शस्त्रे यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे. येथे प्रश्न निवडणाऱ्याकडून पुरवणाऱ्याकडे सरकतो. हेमचंद्रांच्या योगशास्त्रात गृहस्थाने टाळावयाचे जे पंधरा व्यवसाय येतात त्यांत अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडण्याचा धंदा, स्वतंत्रपणे मोजला आहे. बौद्धांच्या अंगुत्तरनिकायात उपासकाला वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. मीमांसक हिंसेची जबाबदारी फळ इच्छिणाऱ्याच्या पदरी टाकतो, तर श्रमण, म्हणजे जैन-बौद्ध, परंपरा साधन हातात ठेवणाऱ्यालाही तिच्यात वाटेकरी करते.

दारू मिळवण्याचा इतिहास पाहता ही दुसरी दृष्टी दुर्लक्षिता येत नाही. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, ऑगस्ट १७७५ मध्ये, बोस्टनच्या वेढ्यात वॉशिंग्टन यांना कळले की कोठारात तीनशेहून अधिक पिपे असल्याचा अहवाल चुकीचा असून प्रत्यक्षात छत्तीसच्या आसपासच शिल्लक आहेत, आणि सैन्याला माणशी जेमतेम नऊ फैरी पुरतील. दुसऱ्या बाजूच्या ब्रिटिश फौजेला असा तुटवडा नव्हता, याचे एक मोठे कारण बिहार होते. पाटण्याच्या परिसरात नोनिया समाजाचे लोक जुन्या वस्त्यांभोवतीची, गोठ्यांजवळची खारट माती खरवडत, ती पाण्यात भिजवून निथळ काढत, तो आटवून कच्चा सोरा पाडत. प्लासीच्या लढाईनंतर १७५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने या सोऱ्याच्या खरेदीची मक्तेदारी बंगालचा नवाब मीर जाफर याच्याकडून मिळवली. माती खरवडणाऱ्या नोनियाला अटलांटिकपलीकडच्या युद्धाचा पत्ता नसे, तो लंडनमधल्या संचालकांना असे. एकाच दारूत या दोघांचा हातभार होता, पण दोघांचा वाटा सारखा होता असे कोणतेही नीतिशास्त्र म्हणणार नाही.

वाटा कशाने ठरतो, हा वाद एका प्रत्यक्ष प्रकरणात लढला गेला. बर्मिंगहॅमचे सॅम्युएल गॅल्टन (धाकटे) हे क्वेकर, म्हणजे युद्धाला सर्वस्वी विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे सदस्य होते आणि त्याच वेळी चकमकीच्या बंदुकांचे मोठे कारखानदारही होते. १७९५ मध्ये त्यांच्या धंद्याविषयी पंथाच्या स्थानिक सभेत तक्रार उभी राहिली, आणि १७९६ मध्ये त्यांना सदस्यत्वातून वगळण्यात आले. त्यांनी लेखी बचाव केला. हा धंदा कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असताना कोणी बोट ठेवले नव्हते. शस्त्रे स्वसंरक्षणासाठीही लागतात. आणि जव पेरणारा शेतकरी व मद्य गाळणारा जर दारूबाजीला जबाबदार नाहीत, गुलामांच्या श्रमाची साखर खाणारे आणि युद्धासाठीचे कर भरणारे जर सभेत निर्दोष बसतात, तर दोष एकट्या बंदूक करणाऱ्याचाच का, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या युक्तिवादातला पूर्वार्ध अकाट्य आहे. साधनांची साखळी कोठेही तुटत नाही, आणि तिच्याबाहेर राहिलेला माणूस सापडणे कठीण आहे. परंतु साखळी अखंड आहे म्हणून तिच्या सगळ्या कड्या सारख्या, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. सोरा मांस टिकवायला आणि खतालाही लागतो, कोळसा स्वयंपाकाला लागतो, गंधक औषधात पडतो. जवाची भाकरीही होते. या टप्प्यांवर वस्तूचे पुढचे प्रयोजन खुले असते आणि पुरवणाऱ्याला ते खरोखर माहीत नसू शकते. तीन द्रव्ये ठराविक प्रमाणात कालवून, दाबून, चाळून चार एफचा दाणा पाडला की मात्र ती वस्तू चकमकीच्या वाटीत पेटण्याखेरीज जवळजवळ कशाच्याच उपयोगाची राहत नाही. वस्तू जितकी एका कामाला योग्य होत जाते, तितका तिच्या कर्त्याला आणि पुरवठादाराला त्या कामाविषयी अज्ञान सांगण्याचा अधिकार कमी होत जातो. बंदूक ही जवासारखी बहुउपयोगी वस्तू नव्हती, आणि बंदुकीच्या गिऱ्हाईकांची माहिती गॅल्टन यांना शेतकऱ्यापेक्षा कितीतरी अधिक होती. मीमांसकांनी साधनाच्या योग्यतेला साध्यापासून वेगळे केले ते तर्कदृष्ट्या बरोबरच होते. पण ती योग्यता साध्याविषयीचे ज्ञान सोबत घेऊन येते, आणि ज्ञानाबरोबर दायित्व येते, ही भर त्यात घालावी लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. रंजकीचे नेमके काम पेटणे हे आहे, मारणे हे नव्हे. आज अमेरिकेत खरी काळी दारू शोधत फिरणारे बहुतेक जण नेमबाजीचे, शिकारीचे किंवा ऐतिहासिक लढायांच्या प्रात्यक्षिकांचे हौशी असतात, आणि तेथील कायदाही क्रीडा व सांस्कृतिक वापरासाठी जुन्या पद्धतीच्या बंदुकांना लागणाऱ्या काळ्या दारूला पन्नास पौंडांपर्यंत सवलत देतो. आक्षेप खरा आहे, आणि त्याने वरील सिद्धान्ताची मर्यादाही आखली जाते. पुरवठादाराचे दायित्व त्याला ज्ञात असलेल्या वापरापर्यंत पोहोचते, त्यापुढे नाही. नोनियाचे ते जवळपास शून्य, मक्तेदार कंपनीचे बरेच, आणि प्रतवारी लावून विकणाऱ्याचे गिऱ्हाईक ओळखण्यापुरते ठरते. उरलेला भाग, म्हणजे काय साधायचे या पहिल्या आकांक्षेचे उत्तर, चाप ओढणाऱ्याकडेच राहतो, आणि दारू कितीही पारखून आणली तरी त्या उत्तराची जबाबदारी त्याला दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.