अर्धवट कामाचे मोल



पावसाळा सरला की गावोगावी घरांची कामे निघतात. त्यातली काही मध्येच थांबतात. मालक म्हणतो, "घर कुठे उभे राहिले? मग पैसे कसले?" कंत्राटदार म्हणतो, "काम वीस लाखांना ठरले होते, ते मोडले तुम्ही!" यात न्याय कोणता?

देवघेवीतला न्याय माणसाकडे पाहत नाही. एकाचे दुसऱ्याकडे किती राहिले तेवढेच पाहतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले आणि संत थॉमस अक्विनास यांनी तेच पुढे नेले. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 70 तर म्हणते की, करार नसतानाही, फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी. मग करार असताना हात वर कसे करता येतील?

समजा, जोते झाले, कॉलम उभे राहिले आणि काम थांबले. दोघांसमक्ष मोजमाप घ्यावे. ठरल्या दराने काम 7 लाखांचे भरले, जागेवरचा माल 50 हजारांचा. सदोष कामाच्या दुरुस्तीचे 30 हजार आणि दिलेली उचल 6 लाख वजा केली, तर देणे 1 लाख 20 हजार. पाया मातीत गाडला जातो म्हणून तो हिशेबातून गाडू नये.

न केलेल्या कामाच्या नफ्याचे काय? आजारपण किंवा आपत्तीने काम थांबले, दोष कोणाचाच नाही, तर तो नफा मागणे आम्हाला रास्त वाटत नाही. पण मालकाने विनाकारण करार मोडला, तर नुकसान खरे आहे. गुजरात सरकारच्या रस्त्याच्या कामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली उरलेल्या कामाच्या 15 टक्के नफा मान्य केला होता. मात्र कंत्राटदाराला लगेच दुसरे काम मिळाले असेल, तर तेही प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. आणि मोठी उचल घेऊन कामावर फिरकायचेच नाही, हीसुद्धा लूटच.

या भांडणात एक तिसरा माणूस असतो. गवंडी आणि बिगारी यांनी करारावर सही केलेली नसते. त्यांची चूल मात्र आठवड्याच्या हजेरीवर पेटते. त्यांची मजुरी आधी चुकती व्हावी, वाद मागाहून मिटवावा.

म्हणून काम सुरू होण्याआधीच, मन प्रसन्न असताना, टप्पे, दर आणि काम थांबल्यास हिशेब कसा करायचा हे कागदावर लिहून ठेवू या. रागात केलेली बेरीज सहसा चुकते.